रोमची फौज मोडली ती कशामुळे?

प्रश्न : रोमन सैनिक ऐषारामी झाले, म्हणून जर्मानिक टोळ्यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही, असे आम्ही शाळेत शिकलो. हे कितपत खरे आहे?

उत्तर : ऐषारामाची ही कथा रोमन लेखकांनीच रंगवली, मला ती पटत नाही. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियनोपल (आजचे एदिर्ने) येथे गॉथ या जर्मानिक टोळीशी लढताना सम्राट व्हॅलेन्स मारला गेला आणि समकालीन इतिहासकार अमियानस मार्सेलिनस याच्या म्हणण्याप्रमाणे जेमतेम एक तृतीयांश फौज निसटली. मात्र पुतण्या ग्रेशियन पश्चिमेकडून कुमक घेऊन येत असताना व्हॅलेन्सने वाट पाहिली नाही आणि उन्हातान्हात चालून आलेल्या, तहानलेल्या सैनिकांना लढाईत लोटले. त्यात सैनिकांचा काय दोष? हे गॉथ ३७६ साली हूणांच्या भीतीने डॅन्यूब ओलांडून आश्रयाला आले होते. उपासमारीत रोमन अधिकाऱ्यांनी त्यांना कुत्र्याचे मांस विकले आणि एका कुत्र्यामागे एक माणूस गुलाम म्हणून घेतला. या वागणुकीनंतर बंड झाले नसते तरच नवल.

प्रश्न : परक्यांची भरती घरभेदी ठरली, असेही म्हणतात.

उत्तर : उलट घडल्याचे उदाहरण ठळक आहे. व्हँडल या जर्मानिक टोळीतल्या बापाच्या पोटी जन्मलेला रोमन सेनापती स्टिलिको याला ४०८ साली दरबारी कारस्थानात ठार केले गेले, पाठोपाठ परकीय सैनिकांच्या बायकामुलांची इटलीच्या शहरांत कत्तल झाली, तेव्हा ते हजारो सैनिक गॉथांचा राजा अलारिक याला जाऊन मिळाले. दोन वर्षांनी त्याने रोम लुटले.

प्रश्न : मग सैन्य नेमके संपले कसे?

उत्तर : माझ्या मते, पगार थकल्यामुळे. व्हँडलांचा राजा गायसेरिक याने ४३९ साली कार्थेज घेतले आणि उत्तर आफ्रिकेचा सारा व धान्य पश्चिम रोमन साम्राज्याच्या हातून गेले. पुढच्याच दशकात सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या कायद्यात कबुली आली की, सैनिकांच्या अन्नवस्त्रालाही महसूल पुरत नाही. ४६८ साली आफ्रिका परत घेण्यासाठी निघालेले प्रचंड आरमार व्हँडलांनी पेटत्या नौका सोडून जाळले, आणि तो मार्गही खुंटला. संत सेव्हेरिनसच्या चरित्रात डॅन्यूबकाठच्या बटाविस (आजचे पासाऊ) येथील शिबंदीची हकीकत आहे. इतर ठाण्यांची पथके पगाराअभावी विरून गेली होती; इथल्या काही शिपायांना सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीला धाडले. ते वाटेतच मारले गेले, हे मागे कुणाला ठाऊक नव्हते. त्यांची प्रेते नदीतून वाहत आली तेव्हा कळले.

प्रश्न : जिंकलेल्या जर्मानिक राज्यांचे बळ तरी टिकले का?

उत्तर : फ्रँकांचे टिकले, व्हँडलांचे शंभर वर्षेही नाही. गायसेरिकने बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून कार्थेज सोडून इतर शहरांचे तट पाडले होते. ५३३ साली पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसेरियस सुमारे पंधरा हजार सैनिक घेऊन उतरला, तेव्हा व्हँडलांचे पाच हजार निवडक लोक आणि १२० जहाजे सार्डिनियात बंड मोडायला गेलेली होती, आणि अडवायला वाटेत तटबंदीचे शहर नव्हते. राजा गेलिमर डोंगरात जाऊन लपला. वेढा घालणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्याने तीन वस्तू मागितल्या, असे इतिहासकार प्रोकोपियस लिहितो : एक भाकरी, सुजलेला डोळा पुसायला एक स्पंज, आणि आपल्या दुर्दशेवर रचलेले गीत गाण्यासाठी एक वीणा. त्याला तिन्ही मिळाल्या.