प्रवेश कोणत्या दारातून, ते आधी बघा

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. चार एकर कोरडवाहू वावर, कापूस अन् सोयाबीन. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीत ८९ पर्सेंटाइल आहेत. आम्ही ओबीसी. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाची माणसं तालुक्याला आली होती. कॉम्प्युटरला वर्षाची फी ३ लाख, पण मुलीला ४० टक्के मेरिट स्कॉलरशिप देतो म्हणतात. सीट धरून ठेवायला आठवड्यात २५ हजार भरायचे आहेत. पीककर्ज अजून फिटलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, स्कॉलरशिप चालून आली ती सोडू नका. काय करावं?

उत्तर : भाऊ, ते २५ हजार भरू नका. पोरगी हुशार आहे, तिला याहून चांगलं मिळण्याचा हक्क आहे.

माझी नोकरी सगळी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर झाली. तिथे एक गोष्ट रोज दिसायची. मार्क किती, याच्याइतकंच महत्त्व प्रवेश कोणत्या दारातून झाला याला असतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. तुमची मुलगी यात बसते. पण अट अशी की प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधूनच, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थेच्या पातळीवरचे प्रवेश यातून वगळले आहेत, आणि खासगी विद्यापीठंसुद्धा. म्हणजे ती माणसं ४० टक्क्यांची सूट पुढे करतात आणि तिथे प्रवेश घेतला की शंभर टक्क्यांची माफी हातची जाते.

हिशेब मांडून बघा. ४० टक्के सूट चारही वर्षं टिकली तरी १ लाख ८० हजाराप्रमाणे ७ लाख २० हजार होतात. पहिल्या वर्षानंतर ती बंद झाली तर १० लाख ८० हजार. होस्टेल, मेस वेगळंच. आणि सूट बंद होणं काही अवघड नसतं. अशी पत्रं पालक माझ्याकडे वाचून घ्यायला आणत. वर ठळक अक्षरात टक्केवारी, अन् खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की दरवर्षी अमुक सीजीपीए (सरासरी ग्रेड) हवा, एकही विषय मागे राहायला नको. गावाकडून गेलेलं लेकरू पहिल्या सेमिस्टरला एम-वनमध्ये (गणिताचा पहिला पेपर) अडकतं, इंग्रजीतून शिकताना गडबडतं. ते दुसऱ्या वर्षी सावरतं, पण सूट गेलेली असते. म्हणून कुठल्याही कॉलेजचं असं पत्र आलं तर दोनच गोष्टी विचारा : सूट किती वर्षांची, आणि कशानं बंद होते. तोंडी उत्तर घेऊ नका.

आता तुमचं काम. यवतमाळला तुमच्याच जिल्ह्यात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. अमरावती, नागपूर, चंद्रपूरलाही आहेत. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कट-ऑफ प्रवर्गानुसार मिळतात, ते घेऊन बसा. जिथे मनापासून जायचंय ते पर्याय वर, नक्की लागतील असे खाली. एक लक्षात असू द्या, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर ती जागा घ्यावी लागते, म्हणून पहिला पर्याय विचार करूनच टाका. कॉम्प्युटर नाही लागलं आणि सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल लागलं तर मी तरी इलेक्ट्रिकल घेईन. कॅपमधून खासगी कॉलेज लागलं तरी माफी आहेच, फक्त डेव्हलपमेंट फी आणि बसचे पैसे द्यावे लागतील, ते आधी विचारून घ्या.

कागद आजच काढायला घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, आणि सगळ्यांत आधी जात वैधता. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज (प्रवेशाचं जुनं रजिस्टर) किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल चालते, पण ती हाती यायला चकरा पडतात. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्येच कुण्या योजनेसाठी दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जमा होतात आणि घरचे पासबुक घेऊन वर्षभर कॉलेजात विचारत राहतात.

राहण्याचा खर्च मात्र खरा आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्यानं रिन्यू करायला मुलीला सांगून ठेवा. एक वर्ष राहिलं की त्या वर्षाची फी घरावर येते.

प्रश्न : मेहकरहून लिहितो आहे. खुला प्रवर्ग. बाबा जिनिंगमध्ये कामाला आहेत. मला बी.एस्सी. करायचं आहे, बारावीला ७६ टक्के आहेत. बी.एस्सी.ला काही स्कॉलरशिप असते का? मित्र म्हणतात, ८० टक्क्यांच्या खाली काही मिळत नाही.

उत्तर : बाळा, केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, पदवीची तिन्ही वर्षं दरवर्षी १२ हजार रुपये. तिथे अट ८० टक्क्यांची नाही, ८० पर्सेंटाइलची आहे. म्हणजे बोर्डात तुझ्या शाखेच्या शंभर मुलांमागे पहिल्या विसात तू आलास की अर्ज करता येतो. जागा मर्यादित असतात, निवड गुणवत्तेवर होते. त्याला नेमके किती मार्क लागतात ते दरवर्षी बदलतं, तेव्हा ७६ वर हात टेकू नकोस. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा आणि कॉलेजकडून तपासून घ्यायचा. पुढे ती चालू राहायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते.

पण तुझा खरा पैसा कॉलेज निवडताना वाचेल. प्रवेशाच्या खिडकीवर विचार, ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच विषयाच्या दोन तुकड्यांची फी वेगळी असते, अनुदानिताची कमी, विनाअनुदानिताची जास्त, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ पासून आहे, तिथेही अर्ज टाक.

प्रश्न : मुलींना माफी आहे, मग गरिबाच्या मुलानं काय करायचं? माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या राउंडला बसतो आहे. — एक आई, आर्वी

उत्तर : वहिनी, तुमचं म्हणणं रास्त आहे. मुलासाठी दोन वाटा आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत, प्रवेश कॅपमधून असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, निम्मी शिक्षण फी मिळते. ओबीसी किंवा इतर राखीव प्रवर्गात असाल तर तुमच्या प्रवर्गाची योजना महाडीबीटीवर वेगळी दिसेल. दुसरी वाट टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण फी माफीच्या योजनेची. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, त्यांची शिक्षण फी पूर्ण माफ. जात कोणतीही चालते, उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, निवड फक्त गुणवत्तेवर. पण या जागांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो, शेवटी टी लागलेला. तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतः टाकावा लागतो. साधा क्रमांक टाकला तर मार्क कितीही असोत, माफी मिळत नाही. एकदा ही जागा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. नेटकॅफेवाल्यावर फॉर्म सोडू नका, मुलाच्या शेजारी बसा आणि हव्या त्या शाखेचे दोन्ही क्रमांक, टीवाला आधी आणि साधा त्याच्या खाली, टाकून घ्या.