हरणांची राखण आणि हरणांची शिकार

प्रश्न : आमची शेती धाराशिव जिल्ह्यात माळाला लागून आहे. यंदा सोयाबीन दोन पानांवर असतानाच हरणांच्या कळपाने जवळपास दोन एकर फस्त केले आणि दुबार पेरणी करावी लागली. माझा पुतण्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तो परवाना काढून हरणे मारतो, मांस घरी खातो आणि पीळदार शिंगांचे डोके भिंतीवर लावतो. तिकडे जे चारचौघांत मिरवता येते, ते इथे पाप कसे? शिवाय, आमचा एक शेजारी बांधावर फास लावतो आणि हरीण सापडले की मांसाचा वाटा आमच्याकडेही पाठवतो. तो घ्यावा का? कायद्यापेक्षा योग्य-अयोग्याचे उत्तर मिळावे. – एक शेतकरी वाचक

उत्तर : शिंगे पीळदार आहेत असे तुम्ही लिहिता, त्याअर्थी भिंतीवरचे डोके बहुधा आपल्या माळावरच्या काळविटाचेच असावे. 1932 मध्ये काळवीट टेक्सासच्या पठारी भागात नेऊन सोडले गेले, तिथे त्यांची संख्या भरपूर वाढली, आणि पुढे पाकिस्तानातून नाहीसा झालेला हा प्राणी तिथे पुन्हा वसवताना काही जनावरे टेक्सासमधूनच नेण्यात आली. याचे थोडे श्रेय शिकारीलाही द्यावे लागते, हे मी आढेवेढे न घेता मान्य करतो. तिथला खासगी कुरणाचा मालक शिंगाळ्या नरामागे शौकीन गिऱ्हाइकाकडून चांगली रक्कम घेतो, म्हणूनच तो कळपाला आपल्या गवतावर चरू देतो. ज्याचे गवत जाते त्यालाच पैसे मिळतात.

आपल्याकडे हा हिशेब जुळत नाही. हरणाची मालकी सरकारकडे, गायरान गावाचे आणि सोयाबीन मात्र तुमचे. उद्या शिंगांसाठी परवाने विकले, तर पैसा तिजोरीत जाईल, डोके शहरातल्या दिवाणखान्यात जाईल आणि दुबार पेरणीचे बियाणे तुम्ही उधारीवरच आणाल. निजामाच्या राजवटीत जहागीरदार शिकारीला निघत, तेव्हाही हाकारे घालायला रयतच लागत असे.

‘शिंगे ज्याला हवीत त्याला मिळतील आणि हरणेही कमी होतील’ हा युक्तिवाद मी गावोगावी ऐकला आहे, आणि त्यात मुळातच चूक आहे. एक तयार नर अनेक माद्यांना पुरतो. पाठ काळीभोर झालेले दहा नर तुम्ही टिपलेत, तरी त्यांची जागा तरणे नर घेतात आणि पुढच्या हंगामात पाडसे तितकीच जन्मतात. संख्या खरोखर घटवायची असेल तर माद्या माराव्या लागतात, म्हणजे ज्यांना शिंगे नाहीत, ज्यांचा फोटो कोणी काढत नाही आणि ज्यांच्या पोटात किंवा मागे पाडस असण्याची शक्यता मोठी असते, अशा. हे काम ज्याला करायचे असेल त्याने कळप मोजला पाहिजे, किती माद्या मारायच्या हे आधी ठरवले पाहिजे आणि नेम चुकून जखमी झालेल्या जनावराचा माग काढून त्याला यातनांतून सोडवले पाहिजे. असे काम अंगावर घ्यायला निघालेला हौशी शिकारी मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे पिकाचे नाव पुढे करून शिंगे मिळवू पाहणाऱ्यापेक्षा ‘मला शौक आहे’ असे सरळ सांगणारा मला कमी खटकतो.

तरीही संख्या कमी करण्यासाठी मारणे प्रत्येक वेळी अन्यायाचेच असते, असे मी म्हणणार नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत कायद्यानेच उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी लेखी परवानगीने मारण्याची वाट ठेवली आहे. काळवीट मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत येतो, तिथे पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही, आणि शिक्षा किमान 3 वर्षे कैदेची आहे. बिहारने 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले, पण रोहींच्या तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. गोळीबाराने बुजलेला कळप शेजारच्या शिवारात शिरतो. त्याचे खाणे काही थांबत नाही.

आता मांसाविषयी. उघड्या माळावर आयुष्य काढून एका गोळीत मेलेल्या हरणाचे मांस आणि शेडमध्ये कोंडून चाळीस-पंचेचाळीस दिवस वाढवलेल्या कोंबडीचे मांस समोर ठेवले, तर केवळ प्राण्याच्या यातनांचा विचार करता पहिले अधिक निर्दोष ठरेल. मी स्वतः मांसाहारी आहे, तेव्हा ‘बिचारे हरीण’ म्हणून डोळे पुसत मटणाला हात घालणे मला शोभणार नाही. पण तुमच्याकडे येणारा वाटा गोळीचा नाही, फासाचा आहे. काही वर्षांपूर्वी परांडा भागात तूर-हरभऱ्याच्या रानाकडेला मी फासात सापडलेली मादी पाहिली आहे. दुचाकीच्या क्लचची तार होती. ती मागच्या पायात हाडापर्यंत रुतली होती, आणि भोवतालची माती रात्रभराच्या धडपडीने वर्तुळात उकरली गेली होती. मादी तेव्हाही जिवंत होती. तुमचा पुतण्या निदान मेलेल्या जनावराजवळ उभा राहून फोटो काढतो. फास लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

पिकाचे काय, हे तुम्ही विचारणारच. सोयाबीन उगवतीला असतानाचे पंधरा-वीस दिवस सर्वांत नाजूक असतात, म्हणून जागल, साड्यांचे कुंपण किंवा सौर झटका यंत्र यांचा जोर तेव्हाच लावावा. झटका यंत्राऐवजी थेट घरातली वीज तारेत सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्या तारेला चिकटून राखणीला गेलेली माणसेच मेली आहेत. हरभऱ्याचे इतके भय बाळगू नये. आपण स्वतःच भाजीसाठी शेंडे खुडतो आणि झाड अधिक फुटते, तेव्हा सुरुवातीला हरणाने खुडलेला हरभरा पाहून लगेच नांगर घालू नये. घाटे भरल्यावरचे नुकसान वेगळे. त्याच्या भरपाईसाठी वन खात्याकडे अर्ज करता येतो, आणि तो त्याच दिवशी, फोटोसह करावा. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत खुरांचे ठसे पुसले जातात. कळपाने दोन एकर खाल्ले तर तो खर्च एकट्या तुमच्या माथी मारणे हा अन्याय आहे, आणि तुमच्या पत्रातला राग मला त्या अन्यायाविरुद्धचाच वाटतो. हरणावर तो विनाकारण निघतो आहे.

शेजाऱ्याचा वाटा घेऊ नका. शिकार झालेला असा प्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतो, म्हणून उद्या चौकशी झाली तर पातेले तुमच्या चुलीवर सापडेल. शेजारधर्म मोडतो असे वाटत असेल तर घरात खात नाहीत असे सांगून वाटा परत पाठवा, आणि जमल्यास एक दिवस त्याच्याबरोबर बांधावर जाऊन ती तार काढून आणा. तुमची वासरे त्याच बांधाने पाण्यावर जात असतील.