पटाश्यांची पेटी घेण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लाकूड कोरायच्या बारा पटाश्यांची पेटी सवलतीत मिळते आहे, ती घ्यावी का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते घेऊ नयेस. ६, १२ आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या तीन पटाश्या, एक रंधा, एक करवत आणि काटकोन तपासायचा एक गुण्या एवढ्यावर शिकाऊ माणसाचे पहिले वर्ष सहज निघते. उरलेले पैसे धार लावण्याच्या दगडासाठी ठेव, कारण पेटीतल्या बारांपैकी नऊ पटाश्यांना तू कधी धार लावणारच नाहीस.

दुकानात पटाशी हातात घेतलीस की आधी मुठीच्या मागच्या टोकाकडून पात्यावर नजर टाक; मूठ आणि पाते एका सरळ रेषेत नसतील, तर मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, ठोका तिरका बसतो. मग पाठ, म्हणजे पात्याची सपाट बाजू, काउंटरच्या काचेवर टेकवून पाहा. पाठ मध्ये किंचित खोलगट असली तरी चालते, फुगीर असली तर मात्र ती परत ठेव, कारण फुगीर पाठ हाताने सपाट करण्यात दोन संध्याकाळी जातात आणि तरीही ती डुलतच राहते.

नवी पटाशी धारदार असते, हा समज आधी सोड. कारखान्यातून ती फक्त आकार देऊन येते. खरी धार आपणच लावायची असते, आणि तिची सुरुवात उतारापासून, म्हणजे टोकाच्या तिरक्या बाजूपासून, नव्हे, तर पाठीपासून होते. पाठ आणि उतार ज्या रेषेत मिळतात तीच धार, त्यामुळे पाठीवर यंत्राचे चरे राहिले, तर उतार कितीही घासलास तरी ती रेषा करवतीच्या दातांसारखीच राहणार. जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटवून २२० पासून १००० नंबरापर्यंत क्रमाने पाठ घास. सगळी पाठ चमकवण्याची गरज नाही. टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर एकसारखे झाले, म्हणजे पुरे. हे काम त्या पटाशीच्या आयुष्यात बहुधा एकदाच करावे लागते, म्हणून त्यात घाई करू नकोस.

उतार साधारण २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी काढावी, म्हणजे पुढच्या वेळी तेवढीच पट्टी घासावी लागते. कोन मोजायला कोनमापक नसला तरी अडत नाही: सबंध उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर तो ३० अंशांचा, आणि दुपटीहून थोडी जास्त, साधारण २.४ पट, असेल तर २५ अंशांचा. दगडावर घासताना पाठीकडे बोटाला बारीक खरखर लागू लागली, की बर, म्हणजे धारेवर वळलेली धातूची बारीक कड, आली असे समज. ती धारेच्या सबंध रुंदीवर आल्याशिवाय दगडावरून उठू नकोस. शेवटी पाठ एकदा दगडावर सपाट फिरवून बर काढ आणि पटाशी चामड्यावर ओढ. चामड्यासाठी आपल्या गावात वणवण करावी लागत नाही. चप्पल करणाऱ्या एखाद्या कारागिराकडे जाड कातड्याचा तुकडा मिळतो, तो लाकडी फळीवर चिकटवून त्यावर थोडी पॉलिशची वडी घासली, की झाले.

उद्यमनगरातला तुझा मित्र ग्राइंडरवर दोन मिनिटांत धार काढून देतो म्हणतो, त्याला नम्रपणे नाही म्हण. मी उमेदवारीच्या काळात हीच घाई केली होती. पात्याचे टोक बघता बघता निळे पडले, आणि मला वाटले की फक्त रंग बदलला. साध्या कार्बन पोलादावर तो निळा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो आणि तोवर पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलेले असते. ती पटाशी बाभळीत चार ठोक्यांत बोथट झाली आणि निळा भाग पुरता घासून काढेपर्यंत सुधारली नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल, तर चाकावर क्षणभर टेकवून लगेच पाण्यात बुडवत जा.

रंध्याच्या पात्यालाही हाच नियम. त्यावरचे दुसरे पाते धारेपासून सुमारे १ मिलिमीटर मागे बसव आणि दोन्हींच्या मध्ये फट राहू देऊ नकोस, नाहीतर ढलपी त्यात अडकून रंधा तुंबतो. करवत मात्र तयार धारेची घे; दातांना एकाआड एक बाक देऊन कानस मारण्याचे काम पहिल्या वर्षी शिकायचे नसते.

सराव आंब्याच्या फळीवर कर. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, ते धार लवकर खातात. म्हणून सागवानावर पटाशी लवकर बोथट झाली, तर दोष लगेच स्वतःच्या हाताला देऊ नकोस. आणि आता मृग लागला की आपल्याकडची हवा महिनोन्‌महिने ओलसर राहील, तेव्हा काम संपल्यावर पात्यांवर शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवूनच ती ठेवत जा.

रविवारी येशील तेव्हा २५ मिलिमीटरची पटाशी घेऊन ये, पण तिचा उतार घासू नकोस. फक्त पाठ घासून आण.