रात्री नऊला नेट का तुंबतं?

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घरात दोन माग आहेत. १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय. सकाळी नेट छान पळतं. पण रात्री आठ ते अकरा सुनेची ऑफिसची मीटिंग सारखी तुटते, समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून तसाच थांबतो. लाइनवरचा पोरगा येऊन स्पीड टेस्ट करून दाखवतो, ९४ येतं. म्हणतो, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का? आणि ही फसवणूक नाही का?

उत्तर : ताई, २०० चा प्लॅन आत्ता घेऊ नका. आधी का ते सांगतो.

मंगल कार्यालयात पाचशे माणसांचं आमंत्रण असलं तरी पाट पाचशे मांडत नाहीत, शंभर-शंभराच्या पंगती उठतात. इंटरनेटचा धंदाही असाच चालतो. प्रत्येकाला १०० एमबीपीएस राखून ठेवायचं म्हटलं तर तुमचं बिल कुणालाच परवडणार नाही. म्हणून एकाच नळीवर अनेक घरं घेतात. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था. तिने २००९ साली घरगुती जोडण्यांसाठी एकास पन्नास, एका घरापुरत्या वेगावर पन्नास घरं, इतकी मुभा दिली होती. म्हणजे जास्त घरं घेणं ही फसवणूक नव्हे. फसवणूक कुठे सुरू होते ते मला माझ्याच लाइनवर कळलं.

मी खानापूर तालुक्यात छोटं नेटवर्क चालवायचो. २०१९ च्या शेवटी प्रत्येकी १०० एमबीपीएसची ४२० गिऱ्हाईकं होती आणि वरून, मोठ्या कंपनीकडून, विकत घेतलेली लाइन १ जीबीपीएसची, म्हणजे १००० एमबीपीएसची. हिशेब केला तर एकास बेचाळीस, मर्यादेच्या आत. रात्री घरटी सरासरी २ एमबीपीएस लागायचं, म्हणजे ८४० एमबीपीएस. भागत होतं. मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले, पोरांची शाळा मोबाइलवर आली आणि घरटी मागणी ३ वर गेली. ४२० त्रिक १२६०. नळी मात्र एक हजाराचीच.

त्यातल्या एका रात्रीचा आलेख अजून डोळ्यांसमोर आहे. वापराची रेघ एरवी डोंगरासारखी चढते आणि उतरते. त्या दिवशी पावणेनऊला ती वर जाऊन टेकली आणि सव्वाअकरापर्यंत सपाट, सड्यावरच्या पठारासारखी. माथा कापलेला होता. कापलेला तो भाग म्हणजे कुणाचा तरी तास, कुणाचं तरी कामाचं बोलणं. ट्रायच्या २००६ च्या नियमांत गर्दीच्या वेळीसुद्धा लाइन ८० टक्क्यांच्या आत ठेवा असं होतं. मी ८४ टक्क्यांवर असतानाच दुसरी लाइन घ्यायला हवी होती. ते मी केलं नाही, आणि सहा आठवडे लोकांनी त्रास सोसला. याचं मला आजही वाईट वाटतं.

नेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते. नळी भरली की कंपनीचा राउटर जादा पाकिटं टाकून देतो. ती हरवली हे पाठवणाऱ्या यंत्राला कळतं आणि ते आपला वेग कमी करतं. ही शिस्त १९८६ नंतर आली. त्या साली अमेरिकेत बर्कलेजवळ एका जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून चक्क ४० बिटांवर आला होता. सिनेमा पुढचे काही सेकंद साठवून ठेवतो, म्हणून तो निभावतो. मीटिंगला साठवायला काही नसतं, म्हणून सुनेचं काम सगळ्यात आधी तुटतं.

मग स्पीड टेस्टला ९४ कसं? ती बहुधा जवळचा सर्व्हर निवडते, कित्येकदा कंपनीच्याच जाळ्यातला. तिथपर्यंतचा रस्ता मोकळा असतो, कोंडी पुढे असते. यूट्यूबचंही तेच, त्याचे साठ्याचे सर्व्हर अनेक कंपन्या आपल्याकडेच ठेवतात. म्हणून २०० चा प्लॅन घेतलात तर तुमचं ताट मोठं होईल, वाढपी तेवढेच राहतील.

आता हे करा. वायफाय नको, लॅपटॉपला राउटरमधून वायर लावा. वडगावात भिंतीला भिंत लागून घरं, शेजाऱ्यांचे वायफाय एकमेकांत घुसतात. वायरवर सुधारलं तर दुखणं घरातलंच, प्लॅनचा संबंध नाही. सुधारलं नाही तर सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला, सर्व्हर मुद्दाम मुंबईचा किंवा चेन्नईचा निवडून, आठवडाभर टेस्ट घ्या. तारीख, वेळ, वेग आणि पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) वहीत लिहा. करंट जाऊन आलेला दिवस वेगळा नोंदवा. पिंग सकाळी २५ आणि रात्री १८० असला तर बहुधा कोंडीच.

ती वही घेऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पोराला एकच विचारा : ‘रात्री नऊला तुमची वरची लाइन किती टक्के भरते?’ त्याला माहीत नसेल तर त्याच्या साहेबाला विचारायला लावा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. गल्लीतल्या आणखी चार घरांनी अशाच नोंदी ठेवल्या तर त्या सोबत जोडा, एकट्या घराला ‘तुमचा राउटर खराब’ म्हणून परत पाठवतात.