चिपी ते अगत्ती विमानाला किती वेळ लागतो? (पुन्हा एकदा)

लक्षद्वीपचं वेड लागल्यापासून सिंधुदुर्गातनं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय: चिपीहून, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग विमानतळावरून, अगत्तीला, म्हणजे लक्षद्वीपच्या विमानतळाच्या बेटावर, किती वेळात पोहोचतो? म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतले.

चिपी ते अगत्ती अंतर किती?

सरळ रेषेत साधारण 590 किमी.

एका साइटवर 590 ऐवजी 320 दिसतंय, खरं कुठलं?

दोन्ही खरंच. ते 320 नॉटिकल मैल आहेत, 1 म्हणजे 1.852 किमी.

साइट म्हणते फ्लाइट टाइम 1 तास 14 मिनिटं. मग सकाळी निघून दुपारी जेवायला अगत्तीत, असं धरू का?

नका धरू! अहो, चिपीहून अगत्तीला थेट विमानच नाहीये. या साइट करतात काय, तर नकाशावरचं अंतर घ्यायचं, त्याला ताशी 800 नं भागायचं, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास चिकटवायचा, झाला तुमचा 1 तास 14 मिनिटं. कुठल्याही दोन गावांची नावं टाका, उत्तर येणारच, विमान असो नसो. आणि त्याच्याच खाली "स्वस्त तिकीट" असं बटण, ते दाबलं की दोन ठिकाणी उतरवणारा, रात्र मध्येच कुठेतरी काढायला लावणारा प्रवास पुढ्यात. पैसे त्या बटणात आहेत हो, आकडा नुसता गळाला लावलेला.

बरं, 800 चा वेग जेटचा. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना समुद्र, चिपीची 2500 मीटर आहे म्हणजे फरक बघा. तिथे नेहमीचं मोठं जेट उतरत नाही, एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान जातं, ते ताशी 500 च्या घरात. शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, चाकांपुढचे ठोकळे काढले तिथपासून ते परत लावेपर्यंत. कोची-अगत्ती हे अंतर 460-470 किमी, चिपीपेक्षा कमी, तरी एटीआरला दीड तासाच्या आसपास लागतो. आणि हवा बिघडली तर मुख्य भूमीवर परतण्याइतकं इंधन जवळ हवं, धावपट्टी आखूड म्हणून वजनाला मर्यादा, त्यामुळे कधी काही सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात, बॅगांचंही कडक असतं. नकाशावरच्या रेषेला यातलं काय दिसणार?

तेव्हा मार्ग बघा, अंतर नको. कोचीचा रस्ता जुना आणि सरावाचा. 2024 मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून आणि बंगळुरूहूनही अगत्तीची विमानं सुरू झाली. तुमच्या तारखेला कुठलं उडतंय ते विमान कंपनीच्याच साइटवर बघा, नाहीतर फोन करा. चिपीचीच सेवा कशी चालू-बंद होत असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

कोचीत दोन तासांचं अंतर ठेवून वेगवेगळी तिकिटं काढली तर चालेल?

माझं मत विचाराल तर आदल्या रात्री कोची गाठा. पीएनआर वेगळे असले की पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही सहसा परत नाहीत. एकाच पीएनआरवर मिळतंय का ते आधी विचारून घ्या.

परमिट अगत्तीला उतरल्यावर मिळतं असं शेजाऱ्यांचे मेव्हणे म्हणाले.

मेव्हण्यांना जाऊ द्या पुढे. बाहेरच्या माणसाला परमिट आधीच लागतं, आणि तेही कुठल्या बेटासाठी ते सांगून. कागदपत्रांची यादी बदलत असते, लक्षद्वीप प्रशासनाच्या साइटवरची ताजी बघा.

वडिलांची मागच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झालीय, विमान छोटं आहे म्हणून भीती वाटते.

हे मला विचारू नका, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि फिट-टू-फ्लाय सर्टिफिकेट लागेल का ते कंपनीला. विमानाच्या आकारापेक्षा तिथून तातडीनं परत यायची वेळ आली तर काय, हे डॉक्टरांशी आधी बोला.

डिसेंबरात जायचंय, नोव्हेंबरअखेर तिकीट बघितलं तर?

सीट मोजक्या असतात. परमिटच्या अर्जाला आजच बसा.