सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलल्यानंतर भेरूघाटात जाण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: कार्ब्युरेटरच्या 350 सीसी एअर-कूल्ड मोटरसायकलला तुम्ही फ्री-फ्लो सायलेन्सर, म्हणजे धूर अधिक मोकळेपणी सोडणारा सायलेन्सर, बसवला, फिल्टरचा मूळ डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला, तेव्हापासून थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखा आवाज येतो, आणि या महिन्यात पत्नीला मागे बसवून इंदूरहून ओंकारेश्वरला जायचे आहे. गाडी आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, आणि इंजिनवर जोर पडतो तेव्हा पेट्रोलचे प्रमाण याहून थोडे अधिक असावे लागते, कारण ते जादा पेट्रोल ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवते. तुम्ही हवेचे येण्याचे आणि जाण्याचे असे दोन्ही मार्ग मोकळे केले, पण जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या बारीक तुकड्याचे, छिद्र कंपनीने दिले होते तेवढेच राहिले. त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. आपले मिस्त्री ज्याला 'लीन' म्हणतात ते हेच. अशा मिश्रणावर जोर लावला की पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतात, आणि एअर-कूल्ड इंजिनाला ती उष्णता घालवायला वाऱ्याशिवाय फारसा आधार नसतो.

तुमच्या प्रवासात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागेल. सिमरोल गाव सोडल्यावर आपण भेरूघाटातून माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो, म्हणजे जाताना थ्रॉटल बहुतेक बंदच असतो. फटाके भरपूर वाजतील, पण इंजिन फारसे तापणार नाही आणि गाडी ठीक आहे असा समज होईल. खरी परीक्षा परतताना आहे, जेव्हा दुपारच्या उन्हात, दोन माणसांचे वजन घेऊन, ट्रकच्या मागे रखडत तोच घाट चढायचा असतो. अनेक वर्षांपूर्वी मे महिन्यात याच चढावर माझ्या गाडीचा पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक जागीच अडकले. क्लच ताबडतोब दाबला गेला म्हणून गाडी सरळ राहिली. मीही फक्त फिल्टर आणि सायलेन्सर बदलले होते आणि जेटकडे पाहिलेही नव्हते. म्हणून सांगतो, चढावर गाडीची ओढ अचानक कमी झाली किंवा इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर थ्रॉटल आणखी पिळू नका. क्लच दाबा, कडेला घ्या आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा मला सर्वांत अधिक खटकणारा दोष हाच आहे की हा इशारा त्याच्याखाली ऐकू येत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. आधी सायलेन्सरचा बेंड पाईप इंजिनाला जिथे जोडला आहे तिथली गॅस्केट पाहा. इंजिन थंड असताना सुरू करून त्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकले आणि बुडबुडे आले, तर सांधा गळतो आहे. थ्रॉटल सोडल्यावर तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि फटाक्यांचे ते एक नेहमीचे कारण आहे. सांधा घट्ट असेल तर जेटकडे या. थ्रॉटल साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेटचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण भागात कार्ब्युरेटरमधील सुईचा आणि त्यापुढे मेन जेटचा. थ्रॉटल सोडल्यावरचे फटाके बहुधा पायलटकडे बोट दाखवतात, पण पिस्टन वाचतो तो मेन जेटमुळे. त्यामुळे केवळ फटाके थांबले म्हणून काम संपले असे समजू नका. जेट एकेक क्रमांकाने वाढवा. प्रत्येक बदलानंतर रिकाम्या, सरळ रस्त्यावर वेगमर्यादेत, खालच्या गिअरमध्ये थोडे अंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवून, क्लच दाबत त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. प्लगच्या टोकाभोवतीचे पोर्सिलेन (चिनीमातीचा भाग) खडूसारखे पांढरे असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, फिकट तपकिरी असेल तर प्रमाण योग्य आहे, आणि कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होत आहे. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरल्याने जेटची उणीव भरून निघत नाही.

उघड्या फिल्टरबद्दल माझे मत कठोर आहे. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात सगळीकडे असते, आणि निकृष्ट फिल्टरमधून ती आत गेली की पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासले जातात. पावसात तोच फिल्टर भिजला की गाडी अडखळते, आणि ओल्या वळणावर मध्येच बसणारा झटका चाक घसरवू शकतो. मूळ डबा परत बसवा आणि त्यात स्वच्छ फिल्टर घाला. तुमच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतील, मात्र त्यानंतर प्लग पुन्हा तपासा, कारण वाढवलेले जेट आता मोठे ठरू शकते.

काही गाड्यांत डबल स्टँडचा टेकू मूळ सायलेन्सरवरच असतो. तो काढल्यावर स्टँड अधिक वर जाऊन चेनला घासत नाही ना, हे वाकून बघा. नवीन पाईपला उष्णतेचे आवरण नसेल तर मागे बसणाऱ्याचा पाय भाजतो आणि पदर किंवा ओढणी चिकटते. कायद्याची बाजूही आहे. 175 सीसीवरील दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा भंग झाल्यास मोटर वाहन कायद्याच्या कलम 190 खाली पहिल्या गुन्ह्यालाही 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सगळे झाल्यावर आधी एकट्याने सिमरोलपर्यंत जाऊन या. परतीचा घाट सकाळी लवकर चढता येईल असा मुक्काम ठरवा, चढावर गिअर एक खाली ठेवून थ्रॉटल कमी पिळा, आणि वर आल्यावर इंजिन निवले की प्लग काढून त्याचा रंग पाहा. सोबत एक नवा प्लग आणि प्लगचा पाना असू द्या. काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. प्लग एवढे करूनही पांढराच राहिला, तर ओंकारेश्वरला तो मूळ सायलेन्सरच लावून जा.