केसांना मेंदी, मेंदीवर नीळ

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार दोन तोंडांनी आली आहे. मेंदी लावली तर केस केशरी होतात, नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड, लावली तर टिकत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. मेंदीला आंबट लागतं आणि वेळ लागतो. निळीला आंबट चालत नाही आणि भिजवून ठेवली की तिचा रंग जातो. दोन्ही पुडी हिरव्या आणि दिसायला सारख्या, म्हणून सारख्याच कालवल्या जातात आणि तिथेच काम बिघडतं.

माझं वय ५२. निम्म्याहून जास्त केस पांढरे आहेत. दर महिन्याला मेंदी लावते, पण पांढऱ्या केसांच्या जागी केशरी बटा दिसतात. केमिकलचा डाय नको आहे. घरच्या घरी केस खरंच काळे होतील का?
— एक वाचक, कोथरूड

होतील, ताई. पण एका दिवसात दोन रंग लावावे लागतील, त्यामुळे सुट्टीचा दिवस राखून ठेवा.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला पक्कं धरतं, म्हणून मेंदी धुऊन जात नाही. पण त्याचा रंग तांबूस-केशरीच. काळ्या केसावर त्याची नुसती झाक येते, पांढऱ्यावर तो सगळाच्या सगळा दिसतो. शुद्ध मेंदी रात्रभर डोक्यावर ठेवली तरी काळी होणार नाही. काळं करण्याचं काम निळीच्या पानांचं. केशरीवर निळा चढला की केस काळा दिसतो.

खरेदीपासून सांभाळा. मंडई-रविवार पेठेकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात नुसती ‘नीळ’ मागू नका; ‘केसांसाठी निळीच्या पानांची पूड’ म्हणा, किंवा ‘इंडिगो पावडर’. कपड्यांना घालायची नीळ ही वेगळीच वस्तू आहे, ती डोक्याला लावायची नाही. पानांची पूड हिरवट असते. ती जर निळी दिसली तर रंग आधीच तयार होऊन बसलेला आहे, आणि तयार झालेला निळा रंग पाण्यात विरघळत नाही, केसात शिरत नाही. मेंदी राजस्थानातल्या सोजतची मिळाली तर घ्या. तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गावापेक्षा पूड ताजी आणि वस्त्रगाळ असणं महत्त्वाचं. जाडसर पूड केसात अडकते आणि धुताना जीव नकोसा करते.

खांद्यापर्यंतच्या केसांना मेंदी १५० ग्रॅम आणि नीळ १५० ग्रॅम पुरते. कमरेपर्यंत केस असतील तर दोन्ही दुप्पट घ्या.

१५० ग्रॅम मेंदीत एका लिंबाचा रस आणि साधारण ४०० ते ४५० मिली कोमट पाणी घाला. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट असू द्या. वर प्लॅस्टिकचा कागद पिठाला टेकेल असा लावून भांडं झाका. आता किती वेळ थांबायचं ते पुण्याच्या हवेवर आहे. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन तासांत मेंदी तयार होते. डिसेंबरच्या थंडीत आठ ते बारा तास लागतात, म्हणून आदल्या रात्री भिजवा. घड्याळापेक्षा तळहाताला विचारा: भिजवलेल्या मेंदीचा ठिपका तळहातावर पाच मिनिटं ठेवून पुसा. केशरी डाग राहिला तर मेंदी तयार आहे. वरचा थर तपकिरी आणि चमच्याने उकरल्यावर आत हिरवं, हीही तीच खूण. डाग फिकट पिवळट असेल तर अजून थांबा. ही मेंदी दोन दिवस बाहेर राहिली तर रंग उतरतो. लगेच लावायची नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवा.

लावायच्या आधी डोकं न्हाऊन घ्या, शिकेकाईने किंवा साध्या शाम्पूने. तेल नको, कंडिशनर नको. तेलाचा पातळ थरही रंगाला आत जाऊ देत नाही. पांढरे केस बहुधा कल्ल्यांवर आणि भांगात जास्त असतात, आणि तेच सगळ्यांत हट्टी असतात. सुरुवात तिथून करा, म्हणजे त्यांना वेळही जास्त मिळेल. बोटभर रुंदीची बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत लिंपा. खालचा केस दिसता कामा नये. हात आखडता घेऊन पातळ लावलेली मेंदी वाळते आणि वाळली की रंग देणं थांबवते. वरून प्लॅस्टिकची टोपी घालून तीन तास बसा.

मग नुसत्या पाण्याने धुवा. बादलीत डोकं बुडवून केस मोकळे केले की निम्मी मेंदी तिथेच सुटते. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कारण लिंबाचा अंश राहिला तर पुढे नीळ धरत नाही. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवा.

नीळ कालवायची ती आता, आधी नाही. १५० ग्रॅम पूड, त्यात एक छोटा चमचा मीठ आणि ३५० ते ४०० मिली कोमट पाणी. लिंबू, दही, चहा, काही नको. उकळतं पाणी तर मुळीच नको: पानातल्या द्रव्याचा रंग बनवणारं एन्झाइम त्याने मरतं. दहा-पंधरा मिनिटांत वर गडद निळसर साय धरते आणि ओल्या पालेभाजीसारखा वास येतो. तेवढ्यात लावायला घ्या आणि अर्ध्या तासात संपवा. केस लांब असतील तर पूड दोन वेळा अर्धी-अर्धी कालवा. हे पीठ मेंदीसारखं एकसंध राहत नाही, रेताड होतं आणि गळतं, म्हणून मानेभोवती जुनं फडकं बांधा. टोपी घालून दीड ते दोन तास ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा.

त्या संध्याकाळी केस हिरवट-निळसर दिसतील. घाबरू नका. हवेतला प्राणवायू लागत लागत दोन दिवसांत ते काळे होतात. तोवर शाम्पू नाही. उशीवर जुना अभ्रा घाला.

पुढच्या वेळी सगळ्या केसांना लावू नका. तीन-चार आठवड्यांनी नुसत्या मुळांना लावलं की पुरतं; टोकांवर थर चढत गेले तर तिथे केस निर्जीव काळे दिसू लागतात.

मेंदी आणि नीळ दोन्ही लावली. आठवडाभर केस छान काळे होते, मग तांबूस दिसायला लागले. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे, त्यामुळे असेल का?
— एक वाचक, वाघोली

पाण्याचा वाटा आहे, पण सगळा दोष त्याचा नाही. जड पाण्यातल्या क्षारांचा थर केसावर बसतो आणि दोन्ही रंगांना अडवतो. लावायच्या आधीच्या न्हाण्यात शेवटी एका तांब्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून केसांवर ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने नीट धुवा. हे मेंदीच्या आधी करायचं, निळीच्या आधी नाही. पुडी कालवायला फिल्टरचं पाणी वापरा.

तांबूसपणा आला म्हणजे मेंदी टिकली आणि नीळ सुटली. मेंदी केसाला चिकटून बसते, निळीची पकड तिच्यापेक्षा सैल असते. म्हणून आधी हे तपासा: नीळ कालवून तासभर ठेवली होती का? दुसऱ्याच दिवशी शाम्पू केला का? पूड गेल्या वर्षीची होती का? दमट हवेत उघडी राहिलेली नीळ एका पावसाळ्यात निकामी होते. ती हवाबंद डब्यात, अंधारात ठेवावी.

सगळं नीट करूनही कल्ल्यांवर तांबूस येत असेल तर आठ दिवसांनी तेवढ्या भागाला पुन्हा नुसती नीळ लावा, एक ते दीड तास. पहिल्या दोन-तीन खेपांना हे बहुतेकांना करावं लागतं, मग रंग साचत जातो.

वेळ वाचावा म्हणून मेंदी न लावता थेट नीळ लावली. पांढरे केस हिरवट झाले आहेत. आता काय करू?
— एक वाचक, सदाशिव पेठ

खाली केशरी थर नसला की पांढऱ्या केसावर नीळ हिरवट-निळसरच दिसते. तीन दिवस थांबा, मग वर सांगितल्यासारखी भिजवलेली मेंदी दोन तास लावा. हिरवटपणा झाकला जाऊन तपकिरी रंग येईल. तो हवा तेवढा गडद नसेल तर वर पुन्हा नीळ. पार्लरमध्ये ब्लीच करून काढायला जाऊ नका; निळीवर ब्लीच बसलं की हिरवा आणखी उठून दिसतो.

मला कुळकुळीत काळे नकोत, तपकिरी हवेत. शिवाय माझे केस कुरळे आहेत.
— एक वाचक, चिंचवड

मग दोन पायऱ्यांची गरज नाही. एक भाग मेंदी आणि एक भाग नीळ घेतलीत तर तांबूस तपकिरी, मेंदीच्या एका भागाला निळीचे दोन घेतलेत तर गडद तपकिरी. मेंदी नेहमीसारखी भिजवून तयार होऊ द्या, फक्त लिंबाऐवजी १०० ग्रॅमला २५ ग्रॅम आवळ्याची पूड घाला. आवळ्याचा आंबटपणा सौम्य असतो, मेंदीचा भगवेपणा त्याने दबतो आणि कुरळेपणाही बराचसा टिकतो. नुसत्या मेंदीने काही जणींचे केस सरळसर होतात, तेही यात टळतं. नीळ वेगळ्या भांड्यात कालवा आणि लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दोन्ही एकत्र करा. तीन तास ठेवा.

लोखंडी कढई, चहाचं पाणी, कॉफी, बीट, दही, अंडं: यातलं काय खरंच उपयोगाचं?
— एक वाचक, धनकवडी

चहा आणि कढई यांचा परिणाम खरा आहे. चहातलं टॅनिन आणि आंबटाने सुटलेलं लोह मिळून काळसर रंग होतो, म्हणून कढईतली मेंदी गडद दिसते. पण त्याने केस राठ होतात, आणि पुढे पार्लरचा रंग लावायचा विचार असेल तर केसात धातूचा अंश नसलेला बरा. नीळ वापरणार असाल तर कढईची गरजच नाही. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या.

कॉफीचा डाग दोन न्हाण्यांत जातो. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, तो पहिल्याच न्हाण्यात मोरीत जातो. दही आणि अंडं यांबद्दल आमचं मत ठाम आहे: घालू नका. लॉसोन प्रथिनाला धरतं, मग ते केसाला धरायच्या ऐवजी भांड्यातल्या दह्यालाच धरून बसतं. केस मऊ हवे असतील तर रंगाचं काम आटोपल्यावर दोन दिवसांनी खोबरेल तेल चोळा. माका, जास्वंद, ब्राह्मी केसांना चांगल्या आहेत, पण पांढरा केस त्यांनी रंगत नाही.

बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’च्या पाकिटाने अर्ध्या तासात केस काळे झाले, पण दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कान सुजले. मेंदीची ॲलर्जी असते का?
— एक वाचक, हडपसर

नुसत्या मेंदीची ॲलर्जी क्वचित होते. अर्ध्या तासात काळं करणारी मेंदी ही मेंदी नसते. त्यात बहुधा पॅराफिनिलिनडायअमाइन म्हणजे पीपीडी असतं, तेच जे नेहमीच्या काळ्या डायमध्ये असतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात पानं छापलेली असतात, पण मागे बारीक अक्षरात घटक असतात, ते वाचा. मेंदी, नीळ, आवळा यांखेरीज रसायनाचं नाव दिसलं तर पाकीट ठेवून द्या.

तुम्ही मात्र लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि पाकीट सोबत न्या. सूज डोळ्यांवर उतरली किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता रुग्णालय गाठा. पीपीडीची ॲलर्जी एकदा झाली की पुढच्या वेळी ती जास्त जोरात येऊ शकते, म्हणून तो डाय पुन्हा नको, पार्लरमध्येही नको.

शुद्ध पूड असली तरी पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास बघा. मेंदी आणि नीळ, दोन्हींची वेगवेगळी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: घरात कुणाला जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असेल, विशेषतः बाळाला, तर त्यांच्या अंगाला मेंदी लागू देऊ नका. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात.

मेंदी लावली की मला हमखास सर्दी होते.
— एक वाचक, बिबवेवाडी

तीन तास ओलं डोकं, त्यात थंडी. सकाळी लवकर लावू नका. अकरा-बाराला उन्हं वर आल्यावर लावा. मेंदी लावायच्या आधी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करून घ्या, टोपीवर जुना टॉवेल गुंडाळा. त्या उबेने रंगही चांगला चढतो. तरीही त्रास होत असेल तर एका दिवशी मेंदी आणि दुसऱ्या दिवशी नीळ असं विभागा, रंगात काही कमी होत नाही.

दाढी-मिशांना हेच चालेल का?
— एक वाचक, औंध

चालेल, काका. मेंदी आणि नीळ मिळून ३०-४० ग्रॅम पुरते. दाढीचा केस जाड, म्हणून साबणाने धुऊन कोरडी करा, आधी मेंदी दीड तास, मग नीळ एक तास. भोवतालच्या कातडीला आणि ओठांच्या कडेला आधी व्हॅसलीन लावा, पण ते केसाला लागू देऊ नका. कातडीवर डाग पडलाच तर खोबरेल तेलात कापूस बुडवून लगेच पुसा; तासाभराने तो निघत नाही, दोन-तीन दिवस राहतो.